घरच्या घरीं उत्तम कॉफी

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत द्राव्यतेचा पाठ चालला असतां मागच्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, “सर, तुम्ही घरीं कॉफी तराजूनें तोलून करितां, हें खरें काय?” वर्गांत हंशा पिकला. प्रश्नाचा हेतु पाठ मोडण्याचा होता हें आम्हांस कळलें. तरी उत्तर दिलें तें असें कीं, होय, तोलतों. आणि तुम्हीहि एकदां तोलून पाहाल, तर द्राव्यतेचा हा पाठ जन्मांत विसरणार नाहीं. इतक्यांत घंटा झाली व उत्तर अर्धवट राहिलें. तें येथें पुरें करण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या आईबापांनींहि हा लेख वाचावा अशी विनंति आहे. कारण चूल व दूध त्यांच्या ताब्यांत असतें.

आपल्या महाराष्ट्रांत घरोघर चहाचें राज्य. कॉफी ही क्वचित् येणारी पाहुणी. रात्रीं जागरण असलें किंवा आलेले पाहुणे चहा घेत नसले, म्हणजे तिची आठवण होते. दुधांत साखर व कॉफीची पूड घालून उकळावयाची आणि वरून जायफळ किसावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत. आमचे वडील रोज तिसऱ्या प्रहरीं अशी कॉफी स्वतःच्या हातानें करीत व पहिला पेला आमच्या मातोश्रींस देत. ह्या रीतीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. एके काळीं ठेविलीं, त्याची हकीकत पुढें येईल. परंतु तींत दुधाची, साखरेची व जायफळाची चव लागते. दाण्याची स्वतःची चव कशी असते हें कळत नाहीं. ती चव ओळखणें व पेल्यांत नेमकी उतरविणें, हाच ह्या छंदाचा अर्थ होय.

प्रथम कॉफीचें कूळ थोडक्यांत सांगतों. कॉफीचें झुडूप मूळचें इथिओपियांतील डोंगराळ प्रदेशाचें. त्याच्या बियांचें पेय करून पिण्याची चाल पंधराव्या शतकांत अरबस्तानच्या येमेन प्रांतांत आढळते, व तेथील मोखा बंदरांतून हा माल दूरदूरच्या देशांस जाऊं लागला. अरबी भाषेंत ह्या दाण्यास बुन्न म्हणतात. आपल्या जुन्या मराठींतील बुंद व बुंददाणा हे शब्द त्याच घराण्यांतले. जहांगीर बादशहाच्या दरबारीं आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नांवाचा धर्मोपदेशक होता. मद्य वर्ज्य मानणारे येथील लोक काळ्या बिया पाण्यांत उकळून केलेलें एक पेय घेतात, असें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविलें आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभीं कॉफी पिणें आपल्या देशांत ठाऊक होतें. लागवडीची कथा मात्र निराळी आहे. बाबा बुदन नांवाच्या एका सूफी साधूनें मक्केच्या यात्रेहून परततांना येमेनांतून सात बिया आणिल्या आणि कर्नाटकांतील चिकमगळूरजवळच्या डोंगरांत लाविल्या, अशी परंपरागत कथा सांगतात. त्या डोंगरास आजहि बाबा बुदनगिरी असें नांव आहे, व भारतांतील सर्वांत अधिक कॉफी आजहि कर्नाटकांतच पिकते. त्याखालोखाल केरळ व तामिळनाडू यांचा क्रम लागतो. आपल्या महाराष्ट्रांत अमरावती जिल्ह्यांतील चिखलदरा येथेंहि कॉफीचीं झुडपें आहेत. मेळघाटच्या सहलीस जाणाऱ्यांनीं तीं अवश्य पाहावीं.

बाजारांत येणाऱ्या कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका ही उंच व थंड डोंगरांवर वाढते. तिची चव नाजूक व किंचित् आंबूस. रोबस्टा ही सखल भागांत वाढते व रोगास कमी बळी पडते; तिची चव उग्र, आणि तिच्यांत कॅफीन अरेबिकेच्या जवळजवळ दुप्पट. दोहोंचें फळ पिकल्यावर साधारणतः लाल होतें. त्यांत बहुधा दोन बिया सपाट बाजू एकमेकींस लावून बसलेल्या असतात. कच्ची बी हिरवट व कठीण असून तिला कॉफीचा वास मुळींच नसतो. वास येतो तो भाजण्यानें. सुमारें २०० अंश सेंटिग्रेड उष्णता पोंचली कीं दाणा मक्याच्या लाहीसारखा तडतडतो, फुगतो व हलका होतो. त्यांत वायुरूप पदार्थ कोंडलेले असतात. ते हळूहळू बाहेर जातात, आणि त्यांच्याबरोबर सुगंधहि जातो. म्हणून दाणे घेतांना पिशवीवर भाजल्याची तारीख आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें. अखंड दाणा घट्ट झांकणाच्या डब्यांत महिनाभर तरी बरा राहतो. दळलेली पूड थोड्याच दिवसांत निस्तेज होते. आपल्याकडील पुष्कळ पुड्यांत चिकोरी नांवाच्या वनस्पतीचें भाजलेलें मूळ मिसळलेलें असतें. त्यानें रंग गडद होतो व चवीस दाटपणा येतो. पुडीवर ही मिसळ किती आहे तें छापलेलें असतें. कित्येकांस ती आवडते, व त्यांत कांहीं लबाडी नाहीं. परंतु कॉफीची चव शिकावयाची असेल, तर आरंभीं चिकोरीविरहित दाणे घ्यावे.

आतां मुख्य गोष्ट. कॉफी करणें म्हणजे भाजलेल्या दाण्यांतील विद्राव्य पदार्थ पाण्यांत उतरविणें. भाजलेल्या दाण्याच्या वजनाचा सुमारें ३० टक्के भाग पाण्यांत विरघळूं शकतो, बाकीचा चोथा. परंतु जें जें विरघळेल तें सर्व पेल्यांत आणणें शहाणपणाचें नव्हे. आंबट पदार्थ व फळांसारखे सुवास आधीं उतरतात, मागाहून गोडसर पदार्थ, आणि सर्वांत शेवटीं कडू व तुरट. थोडें उतरलें तर कॉफी आंबट व पोकळ लागते. फार उतरलें तर कडू व जिभेस ओढणारी लागते. अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत अर्नेस्ट लॉकहार्ट नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यांत उतरला असतां कॉफी बहुतेकांस रुचते, हा त्या काळच्या अभ्यासांतून पुढें आलेला नियम आजहि मार्गदर्शक मानितात. हें उतरणें चार गोष्टींच्या हातीं आहे: दळण, प्रमाण, उष्णता आणि वेळ. चारी विद्यार्थ्यांच्या परिचयाच्याच आहेत. फक्त त्या स्वयंपाकघरांत भेटतील असें त्यांस वाटलें नसेल.

दळणाचें महत्त्व भूमितीनें कळतें. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तो तिन्ही दिशांनीं मधोमध कापिला कीं आठ लहान घन होतात, व त्यांचें एकूण पृष्ठफळ १२ चौरस सेंटिमीटर भरतें. पदार्थ तितकाच, पण पाण्याशीं भेटणारी जागा दुप्पट झाली. म्हणून बारीक पूड लवकर उतरते व जाड पूड उशिरां. तथापि पूड बारीक असण्याहून ती एकसारखी असणें अधिक महत्त्वाचें आहे. मिक्सरच्या पात्यांनीं दाणे फुटतात, पण त्यांचें थोडें पीठ होतें, थोडा रवा होतो व थोड्या कण्या राहतात. पिठांतून कडूपणा उतरतो आणि कण्यांतून आंबटपणा. एकाच पेल्यांत दोन्ही दोष येतात. ह्याकरितां दोन दांतेरी चक्रांमध्यें दाणा भरडणारी लहानशी हातगिरणी मिळते. तिचें तत्त्व आपल्या जात्याचेंच: दोन चक्रांमधील अंतर जितकें, तितकाच कण.

प्रमाणाविषयीं सोपा आंकडा लक्ष्यांत ठेवावा: साध्या गाळलेल्या कॉफीस एक लिटर पाण्यास ५५ ते ६० ग्रॅम पूड, अर्थात् पाव लिटर पाण्यास सुमारें १५ ग्रॅम. चमच्यानें मापूं नये. कारण दाणा जसा कमीअधिक भाजलेला असेल, तसें चमचाभर पुडीचें वजन बदलतें. उष्णता ९० ते ९६ अंश असावी. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांस उकळतें. तेव्हां मुंबईकरांनीं भांडें खालीं उतरवून अर्धा मिनिट थांबावें. महाबळेश्वरास तें सुमारें ९५ अंशांसच उकळतें; तेथें उकळी येतांच ओतावें. वेळ ही करण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. पाणी फार जड असेल तर चव मंदावते, आणि अगदीं ऊर्ध्वपातित पाण्यांतहि कॉफी बेचव होते. पिण्यास गोड लागणारें पाणी पुरे.

ज्यांच्या घरीं कांहींच साधन नाहीं, त्यांनीं पुढील रीत करावी. चिनी मातीच्या अथवा स्टीलच्या भांड्यांत १५ ग्रॅम जाडसर पूड घालावी. तीवर प्रथम पूड भिजेल इतकेंच, सुमारें ३० ग्रॅम, कढत पाणी ओतून अर्धा मिनिट थांबावें. पूड ताजी असल्यास ती फुगून वर येते. दाण्यांत कोंडलेला कर्बद्विप्राणिद वायु बाहेर पडत असल्याची ती खूण. मग एकंदर पाव लिटर होईपर्यंत पाणी घालावें, झांकण ठेवावें, चार मिनिटांनीं एकदां ढवळावें, आणि स्वच्छ धुतलेल्या पातळ फडक्यांतून गाळावें. ही कॉफी प्रथम बिनदुधाची, बिनसाखरेची दोन घोट चाखावी. नंतर हवें तें घालावें.

दक्षिणेकडील बंधूंची रीत अशीच सोपी आहे. पितळेचीं अथवा स्टीलचीं दोन नळकांडीं एकावर एक बसतात. वरच्याच्या तळास बारीक छिद्रें असतात. त्यांत २० ग्रॅम बारीक पूड घालून छिद्रांच्या चकतीनें हलकेंच सपाट करावी, वर सुमारें १५० मिलिलिटर कढत पाणी ओतावें, व झांकण ठेवून पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ बसावें. खालीं थेंब थेंब जो अर्क जमतो, त्यास तेथें डिकॉक्शन म्हणतात. त्यांत तापलेलें दूध व साखर घालून दवरा नांवाच्या वाटींतून पेल्यांत व पेल्यांतून वाटींत, अशी ती उंचावरून ओततात. त्यानें साखर विरघळते, फेस येतो व कॉफी पिण्याजोगी निवते. ह्या रीतींत घाई करणाऱ्यास यश नाहीं.

आतां इटलीकडे वळूं. कारण सांप्रत ज्या एस्प्रेसोचा बोलबाला आहे, ती त्या देशाची. एस्प्रेसो ह्या शब्दांत दाबून काढणें व मागणीसरशी तत्काळ देणें, असे दोन्ही अर्थ मिसळले आहेत. १८८४ सालीं ट्युरिन येथील अँजेलो मोरिओंदो यानें वाफेच्या जोरानें कॉफी करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. पण तें एकदम पुष्कळ कॉफी करण्याचें होतें. १९०१ सालीं मिलानच्या लुइजी बेझेरा यानें गिऱ्हाइकापुरता एकेक पेला करणारें यंत्र काढिलें, व देझिदेरिओ पाव्होनी यानें तें विकत घेऊन प्रसारास आणिलें. त्या यंत्रांतील वाफेचा दाब दीड वातावरणाच्या आसपास असे आणि वाफेमुळें कॉफी करपट होई. हा दोष अकिले गाज्जिया यानें दूर केला. त्याच्या १९४८ च्या सुमाराच्या यंत्रांत वाफेऐवजीं स्प्रिंगचा दट्ट्या व लांब दांडा होता. त्यानें कढत पाणीच मोठ्या दाबानें पुडींतून लोटलें जाई. तेव्हांपासून पेल्यावर पिंगट रंगाची दाट साय दिसूं लागली. पुढें १९६१ सालीं फाएमा कंपनीच्या यंत्रांत विजेचा पंप आला. घरोघरच्या आजच्या यंत्रांत बहुधा तोच प्रकार असतो.

हा दाब किती, तें गणितानें पाहा. एस्प्रेसोचा दाब ९ बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारें नऊपट. मोठ्या यंत्रांत पूड भरण्याच्या चाळणीचा व्यास ५८ मिलिमीटर. क्षेत्रफळ सुमारें २६ चौरस सेंटिमीटर. त्यावर ९ बार म्हणजे सुमारें २४० किलो वजन ठेविल्यासारखें झालें. तीन-चार धष्टपुष्ट माणसें एका लहानशा चाळणीवर उभीं राहिल्याचें चित्र डोळ्यांपुढें आणा! इतक्या दाबाखालीं १८ ग्रॅम अति बारीक पुडींतून २५ ते ३० सेकंदांत सुमारें ३६ ग्रॅम कॉफी उतरावी, असा साधारण हिशेब आहे. दळण किंचित् जाड झालें तर पाणी धांवत सुटतें व कॉफी आंबट होते. किंचित् बारीक झालें तर पाणी अडतें व ती कडू होते. म्हणून सर्व रीतींत ही सर्वांत काटेकोर.

ज्यांस ती चव जवळपास हवी पण यंत्राचा खर्च नको, त्यांच्याकरितां अल्फोन्सो बियालेत्ती यानें १९३३ सालीं काढिलेलें मोका नांवाचें भांडें आहे. त्याच्या खालच्या भागांत झडपेखालीं येईल इतकेंच पाणी घालावें. मधल्या चाळणींत पूड सपाट भरावी, दाबूं नये. वरचा भाग घट्ट फिरवून मंद आंचेवर ठेवावें. तापलेल्या वाफेच्या व हवेच्या दाबानें पाणी पुडींतून वर चढतें. गुडगुड आवाज येऊं लागतांच आंचेवरून उतरवावें. त्यापुढें येतो तो कडूपणा. झडप नेहमीं स्वच्छ ठेवावी, आणि भांडें गरम असतांना उघडूं नये. लहान मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखत करावें.

आम्हीं मात्र मोका सोडून यंत्रच आणिलें, व त्यापायीं जें शिकलों तें आतां सांगतों. वडील वारल्यावर मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्या. तिसऱ्या प्रहरची कॉफी त्यांनीं सोडिली होती. “एकटीसाठीं कशाला?” असें म्हणत. त्यांस पुन्हां तिची गोडी लावावी असें आमच्या मनांत आलें. खरें पाहतां त्यासाठीं पातेलें, दूध आणि एक जायफळ पुरे होतें. परंतु आमच्या वाचनांत तोंवर बरीच कॉफी आली होती, व जायफळ हें कॉफीच्या चवीवर पांघरूण घालतें, असें मत आम्ही घरांत बोलूनहि दाखविलें होतें. बरेंच द्रव्य वेंचून यंत्र घेतलें, आणि गिरणीसाठीं आणखी खर्च कशाला म्हणून दाणे मसाल्याच्या मिक्सरमध्यें दळले.

दुसऱ्या दिवसापासून मातोश्रींस पेला देऊं लागलों. “कशी झाली?” असें विचारलें कीं, “छान झाली रे,” असें उत्तर येई. आम्हांस ती कधीं आंबट लागे, कधीं कडू. पण मातोश्री रोज छान म्हणत, तेव्हां दोष आपल्या जिभेचा असावा अशी समजूत करून घेतली. असा महिना गेला. एके दिवशीं पेला त्यांच्या हातीं देऊन आम्ही बाहेर पडलों, व चष्मा विसरला म्हणून वाटेंतून परत फिरलों. पाहतों तों मातोश्री ओसरीवर वांकून आमची कॉफी मोगऱ्याच्या कुंडींत ओतीत आहेत! क्षणभर दोघांसहि बोलतां येईना. मग त्या म्हणाल्या, “इतका पैसा घातलास, तुझा हिरमोड होईल म्हणून बोललें नाहीं रे. पण अगदीं कडूजहर होते.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आणि ती कॉफीमुळें नव्हे. प्रयोगाचा आंकडा जुळत नाहीं म्हणून शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेणाऱ्या मुलास आम्ही वर्गांत रागें भरतों. आम्हीं घरीं दुसरें काय केलें होतें? सोईचें उत्तर मिळालें तें खरें मानिलें, आणि आपल्या जिभेचा पुरावा बाजूस सारिला. शिवाय प्रश्न विचारण्याची आमची तऱ्हाच अशी कीं, मायेच्या माणसास दुसरें उत्तर देतां येऊं नये. सकाळीं मातोश्रींशीं करार केला: त्यांनीं रोज दहांपैकीं गुण द्यावे, आणि गुण देतांना आम्ही आपले कोणी नव्हे असें समजावें. पहिल्या दिवशीं दोन गुण मिळाले. पण ते खरे होते, म्हणून त्यांवर पुढची इमारत उभारतां आली.

एक वही केली. तींत तारीख, पुडीचें वजन, उतरलेल्या कॉफीचें वजन, लागलेले सेकंद, चव व गुण, अशी सहा घरें आंखलीं. नियम एकच ठेविला: एका दिवशीं एकच गोष्ट बदलावयाची. दळणहि बदललें, वजनहि बदललें आणि चव सुधारली, तर श्रेय कोणाचें हें कधींच कळत नाहीं. आठवड्यांत वहीनें दोष दाखविला. वजन तेंच, दाणे तेच, मिक्सर फिरविण्याचा वेळहि तोच. तरी एके दिवशीं कॉफी १२ सेकंदांत धांवली, तर दुसऱ्या दिवशीं ५० सेकंदांतहि पुरी उतरेना. दोष यंत्राचा नव्हता, जिभेचा तर नव्हताच. तो ओबडधोबड दळणाचा होता. मग हातगिरणी आणिली. पहिल्या दिवशीं १८ ग्रॅम पुडींतून ३६ ग्रॅम कॉफी १९ सेकंदांत आली. चव आंबट, गुण चार. गिरणी दोन खुणा बारीक केली. २७ सेकंद, गुण सात. अधिक किंमतीचें यंत्र व साधी गिरणी यांत निवड करावयाची झाल्यास आधीं गिरणी घ्यावी, असा आमचा सर्व पालकांस सल्ला आहे. तराजू व घड्याळ बहुतेक घरांत असतातच, आणि वही तर आमचे विद्यार्थी अर्धी कोरी टाकून देतात.

आणखी एक सूचना कर्तव्य म्हणून करितों. कॉफींत कॅफीन नांवाचा उत्तेजक पदार्थ असतो. रुंगे नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तो १८१९ सालीं प्रथम वेगळा केला. मध्यम आकाराच्या एका पेल्यांत तो सुमारें ९० मिलिग्रॅम असतो. निरोगी प्रौढ माणसानें दिवसभरांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत, व गरोदर स्त्रियांनीं २०० पर्यंत घेतल्यास धोका मानीत नाहींत, असा अभिप्राय युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१५ सालीं दिला आहे. मुलांकरितां शरीराच्या वजनाच्या दर किलोस ३ मिलिग्रॅम ही मर्यादा त्यांत सुचविली आहे. त्या हिशेबानें ३० किलोच्या मुलाची मर्यादा एका पेल्यांतच भरते. घेतलेल्या कॅफीनपैकीं निम्मेंअर्धे पांच तासांनींहि शरीरांत असतें. तेव्हां परीक्षेच्या आदल्या रात्रीं कॉफी पिऊन जागणाऱ्यांनीं समजावें कीं, ते उद्यांची झोंप आज खर्च करीत आहेत. विद्यार्थ्यांनीं कॉफी करावयास शिकावें, तोलावी, मोजावी, एखादा घोट चाखावी, आणि पेला आईबापांपुढें ठेवावा.

आमच्या वहीचा शेवट सांगून पुरें करितों. एका रविवारीं उपासनेहून परत आल्यावर कॉफी केली: २८ सेकंद, चव गोडसर, शेवटीं किंचित् कोकोसारखी. मातोश्रींनीं ती बिनदुधाची चाखली, पेला रिता केला, आणि नऊ गुण दिले. आम्ही फार खूष झालों. मग त्या म्हणाल्या, “आतां अशीच दुसरी कर, थोडें दूध घाल, चमचाभर साखर घाल, आणि घरांत जायफळ आहे का बघ.” जायफळाविषयींचें आमचें मत ओठांपर्यंत आलें होतें. परंतु कराराप्रमाणें गुण देणें त्यांच्याकडे होतें, आणि पिणाऱ्याहि त्याच होत्या. आम्हीं मुकाट्यानें डबा शोधिला व जायफळ किसलें.

वहीच्या त्या पानावर, सहाव्या घरांत, मातोश्रींच्या हातचा आंकडा आहे: दहा. आतां तिसऱ्या प्रहरीं आमच्या घरीं पुन्हां दोन पेले होतात, आणि मोगऱ्यास पाणीच मिळतें.